जाळी कोणी काढली?

१

प्रिस्का तुस्कानोनं रुमालाची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर अंगठी ठेवली. अंगठी म्हणायची ती सवयीनं. कुणी ऐरणीवर ठेवून एकच घाव घालावा, तशी ती दोन्ही बाजूंनी दबून सोन्याची पट्टी झाली होती.

"लग्नातली आहे," ती म्हणाली. "डाव्या हातात कधी नीट बसली नाही, म्हणून रॉकी उजव्या हातात घालायचा. हॉस्पिटलनं हीच काय ती परत दिली."

पारनाक्यावरच्या माझ्या ऑफिसात माणसं बहुतेक जमिनीच्या भांडणांसाठी येतात. कामगारांची प्रकरणं मी घेते हे ज्यांना ठाऊक आहे, ते एकेकटे येतात आणि दाराशी घुटमळतात. प्रिस्का घुटमळली नाही. सरळ आत आली, बसली, आणि रडायचं राहिलंय हे विसरल्यासारखी बोलत सुटली.

तिचा नवरा रॉकी सातिवलीच्या एका यार्डात कामाला होता. समुद्रातल्या तेलविहिरींवर वापरून झिजलेले लोखंडी पाइप तिथे येतात. त्यांच्या टोकांना नवे आटे पाडायचे, तपासायचे आणि ट्रेलरवर चढवून पुन्हा बंदराकडे पाठवायचे, असं ते काम. पावसाळा सरता सरता एका दुपारी रॉकीच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

"कंपनी म्हणते, आटे पाडायच्या मशीनची जाळी त्यानं स्वतः काढली आणि हात आत घातला. म्हणून त्याला काहीच मिळणार नाही."

"आणि रॉकी काय म्हणतो?"

"तेच म्हणतो." तिनं माझ्याकडे पाहिलं. "वकीलबाई, हा माणूस घरचा मिक्सरसुद्धा झाकण दाबून धरल्याशिवाय चालू करत नाही. शेजारच्यांच्या पोरांना विहिरीच्या पंपाजवळ फिरकू देत नाही. तो जाळी काढेल?"

"मग स्वतःच्याच विरुद्ध खोटं कशाला बोलेल?"

"ते तुम्ही शोधा. मी विचारलं की तो भिंतीकडे तोंड करून झोपतो."

मी अंगठी उचलून खिडकीशी नेली. कुठे चीर नव्हती, पीळ नव्हता. फक्त दाब. फिरणाऱ्या यंत्रानं हात ओढला, तर अंगठी बोटाचं मांस सोलत जाते, वाकते, तुटते. अशा अंगठ्या मी पाहिल्या आहेत. ही वेगळी होती. एक जड वस्तू खाली होती, दुसरी जड वस्तू वरून आली होती, आणि मध्ये ही सापडली होती.

२

भुईगावात तुस्कानोंचं घर केळीच्या वाडीला लागून आहे. रॉकी मागच्या पडवीत बसला होता, उजवा हात टॉवेलाखाली. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मला बघून तो उठला, नमस्कारासाठी दोन्ही हात वर येऊ लागले, आणि मध्येच डावा एकटाच वर आला.

"बस रे," मी म्हटलं. "मी आगाशीची. तुझ्या बायकोनं बोलावलंय म्हणून आले. एकदा सांग, काय झालं?"

तो पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "संरक्षक जाळी सुरक्षेसाठी आहे हे मला माहीत होतं. तरी ती मी जाणूनबुजून काढली."

"बरं. आणि मग?"

"मग हात गेला."

प्रिस्का चहा आणायला आत गेली. मी वाडीबद्दल बोलले, यंदाच्या वाऱ्यात पडलेल्या केळींबद्दल बोलले. तो मोकळा होऊन बोलू लागला. त्याचं बोलणं वसईच्या गावातल्या माणसाचं, हळू, गोड, जरा तुटक. मग मी मध्येच विचारलं, "मशीन बंद होतं की चालू, जाळी काढलीस तेव्हा?"

चेहरा मिटला. "संरक्षक जाळी सुरक्षेसाठी आहे हे मला माहीत होतं. तरी ती मी जाणूनबुजून काढली."

एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"कुठल्या पान्यानं खोललीस?"

"आठवत नाही."

पडवीच्या भिंतीवर एक फोटो होता. सुटाबुटातला नवरदेव रॉकी, आणि त्याच्या कमरेएवढा एक मुलगा त्याचा हात धरून उभा. "हा कोण?"

"जॉयल," चहा घेऊन आलेली प्रिस्का म्हणाली. "धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चालायला लागला होता नुकता. यांनीच वाढवला. यार्डात यांनीच लावला, दोन वर्षं झाली. अपघात झाला आणि पोरगा खचलाच. आता तुळिंजला खोली घेऊन राहतो. घरी येत नाही."

"जॉयल त्या दिवशी यार्डात नव्हता," रॉकी म्हणाला.

त्याला कुणीच तसं विचारलं नव्हतं.

परतताना रिक्षात त्याचं पाठ केलेलं वाक्य माझ्या कानात राहिलं. साधा माणूस म्हणतो, माझी चूक झाली, लक्ष नव्हतं, नशीब फुटलं. असं म्हटल्यानं त्याचा हक्क जात नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची. कामगार गाफील होता म्हणून ती बुडत नाही. अशा इजेत ती बुडते ती मोजक्याच कारणांनी. माणूस प्यायलेला असेल, सुरक्षेचा हुकूम त्यानं मुद्दाम मोडला असेल, किंवा सुरक्षेसाठी आहे हे माहीत असून जाळी जाणूनबुजून काढली असेल, तर.

हे शब्द कायद्यातले होते. रॉकीच्या तोंडात ते कुणीतरी घातले होते.

३

रॉकीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर मर्लिन मला त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात भेटल्या. प्रिस्कानं आधीच फोन केला होता, रॉकीची संमतीही होती. सही डाव्या हाताची, लहान मुलासारखी.

"बोटं कापली गेली नव्हती, चिरडली होती," डॉक्टर म्हणाल्या. "हाडांचा चुरा. मी पुष्कळ वेळ प्रयत्न केला. निदान एक तरी वाचावं म्हणून. नाही जमलं."

"जखमेत काही सापडलं?"

"गंजाचे पापुद्रे. थोडं ग्रीस." त्या आठवू लागल्या. "आणि लाकूड. लाकडाची कुसळं खोलवर घुसली होती, एकेक काढायला लागली. लोखंडाच्या मशीनवरचा अपघात म्हणून आणला होता ना? मला तेव्हाच जरा नवल वाटलं. पण आपण आधी जखम बघतो."

"आणलं कोणी?"

"कंपनीचा एक माणूस होता, सतत फोनवर. आणि एक तरुण मुलगा." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याचा शर्ट रक्तानं भिजलेला. पेशंटसारखाच चेहरा, भाऊच असणार. ऑपरेशन संपवून बाहेर आले तर त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, माझी काढा, त्याला लावा. मला कळेचना. त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला होता. म्हणाला, ही चारही काढा, रक्त एकच आहे आमचं, जुळतील."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"असं होत नाही, हे त्याला समजावून सांगायला मला शब्द सापडेनात. दुसऱ्या दिवसापासून तो दिसलाच नाही."

म्हणजे जॉयल तिथे होता. आणि रॉकी म्हणत होता, नव्हता.

४

यार्डाच्या मालकानं मला येऊ दिलं, कारण नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं. तो स्वतः मात्र फिरकला नाही. दाखवायला सुपरवायझर होता, सिद्धेश घरत. तिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"या मॅडम. लपवायचं काय आहे आमच्याकडे?"

आटे पाडायचं मशीन शेडच्या आत होतं. पाइपाचं टोक घट्ट आवळून बसलेलं, त्यावर दुधासारखं पांढरट पाणी गळत होतं, आणि सगळ्यावर हिरव्या रंगाची लोखंडी जाळी.

"हीच ती?"

"हीच. यानं काढली. आम्ही नंतर परत लावली."

मी वाकून बघितलं. जाळीच्या बोल्टांवरही तोच हिरवा रंग होता. बोल्टाच्या डोक्यावरून तो खालच्या पट्टीवर उतरला होता, सलग, कुठे तडा नाही. त्यावर वर्षांचा काळा मळ बसला होता. पाना लागला असता तर पहिल्यांदा तो मळ निघाला असता, मग रंग उडाला असता. या जाळीला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता.

मी सरळ उभी राहिले. "मशीनजवळ लाकूड वगैरे काही वापरता?"

"लाकूड? इथे कशाला? लाकूड फक्त बाहेर, पाइपांच्या खाली."

बाहेर उन्हात पाइपांच्या थप्प्या होत्या, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या. पाइपांच्या दर दोन थरांमध्ये लाकडी ठोकळे, म्हणजे पट्टा घालून उचलायला फट राहते. पलीकडे हायड्रा उभी होती. हायड्रा म्हणजे माल उचलणारी, चाकांवर चालणारी क्रेन. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथून थप्पीच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. पलीकडे ठोकळा ठेवणारा माणूस ड्रायव्हरला दिसणं शक्य नव्हतं.

"हायड्रा चालवतो कोण?"

"आमचा ड्रायव्हर आहे. लायसन्सवाला." उत्तर फार लवकर आलं. "त्या दिवशी तो रजेवर होता. लोडिंग झालंच नाही त्या दिवशी."

"तुम्ही कुठे होतात?"

"केबिनमध्ये. ओरडण्याचा आवाज आला तसा धावलो." त्याचा आवाज बदलला. इतका वेळ तो उत्तरं देत होता, आता त्याला दिसत होतं. "मॅडम, ते मी विसरू शकत नाही. तो डाव्या हातानं पाइप वर उचलायला बघत होता. एवढा पाइप एकट्यानं उचलतोय का कुणाला? पण तो उचलत होता. ओरडतही नव्हता मग."

मी त्याच्याकडे बघितलं. आपण काय बोललो हे त्याला कळलेलं नव्हतं. मशीनवरचा पाइप आवळून बसवलेला असतो, तो कुणी उचलायला जात नाही. तिथे माणूस मशीन बंद करायचं बटण शोधतो.

मी निघाले तेव्हा फाटकावर सिद्धेश म्हणाला, "माझं पण घर आहे, मॅडम." मी काहीही आरोप केलेला नव्हता.

५

यार्डाचा दिवसाचा रखवालदार श्रीपत चांदीप गावचा. यार्डात तो माझ्याशी बोलणार नाही, हे उघड होतं. म्हणून रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. भात कापून झाला होता, तो अंगणात दोर वळत बसला होता. मला बघून त्यानं बायकोला पाट आणायला सांगितलं, पण दोर खाली ठेवला नाही.

"मना काय म्हाईत नाय, बाय. मी फाटकावर असतो."

"फाटकावरचंच विचारते. त्या दिवशी कोण आत आलं, कोण बाहेर गेलं."

"रॉकीला रिक्षान् नेला."

"आणि त्याच्यानंतर?"

त्याचे हात दोरावर भराभर चालू लागले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तीच म्हणाली, "सांगा ना. जेवन जात नाय तुम्हाला तवापासून."

श्रीपतनं दोर पायाखाली दाबला. "ट्रेलर गेला. रिक्षा गेली नि मागून ट्रेलर गेला, पाइप भरून. खाली रगात सांडलेला, त्याच्यावरून चाक गेला. मीच फाटक उघडला. सायबानी सांगितला, बंदरावर वेळेत पोचला पायजे."

"म्हणजे लोडिंग झालं होतं. ड्रायव्हर तर रजेवर होता. हायड्रा कोणी चालवली?"

"ते इचारू नको, बाय."

"का?"

"रॉकी माझ्या पाया पडला. हास्पिटलात बघायला गेलो तवा. हात असा बांधलेला, नि पाया पडला. म्हनाला, श्रीपतभाऊ, जॉयलचा नाव घेशील तर माझी शपथ." त्याचे डोळे भरले. "आता मी घेतला का? मी नाय घेतला."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही घेतलंत."

६

तुळिंजच्या बाजारामागे एका चाळीत जॉयलची खोली होती. खाली मोबाइलची दुकानं, भाजीच्या गाड्या, गोंगाट. वर एक चटई, एक स्टोव्ह, खिळ्यावर दोन शर्ट. पंचविशीचा मुलगा, दाढी वाढलेली. तो आता एका पार्सल कंपनीत खोकी उचलत होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं दार लावून घ्यायचा प्रयत्न केला.

"जॉयल, मला सगळं माहीत आहे. तू फक्त ऐक. चुकलं तर सांग."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मी दारातच बसले, उंबऱ्यावर.

"जाळीला कुणी हात लावलेला नाही. तिच्या बोल्टांवरचा रंग अजून सलग आहे. रॉकीच्या जखमेत लाकडाची कुसळं होती, आणि यार्डात लाकूड फक्त पाइपांच्या खाली आहे. त्याची अंगठी वरून-खालून दबली आहे. म्हणजे तो मशीनवर नव्हताच. तो थप्पीपाशी ठोकळा बसवत होता आणि पाइप खाली आला. हायड्राचा ड्रायव्हर रजेवर, तरी ट्रेलर भरून गेला. म्हणजे हायड्रा दुसऱ्या कुणीतरी चालवली. आणि रॉकी तुस्कानो जगात एकाच माणसासाठी असं खोटं बोलेल."

जॉयलनं गुडघ्यांत डोकं घातलं.

"मीच होतो," तो म्हणाला. "सिद्धेशसाहेब म्हणाले, तुला येतं ना, चालव, ट्रेलर उभा आहे. दोन-तीनदा चालवली होती आधी, रिकामी. नाही म्हणायला पाहिजे होतं. दादा पलीकडे आहे हे माहीत होतं मला. लिव्हर माझ्या हातात होता, मॅडम."

"तुला रॉकी दिसत होता?"

"नाही. थप्पी मध्ये होती."

"मग पाइप सोडायचा कधी, ते तुला कसं कळलं?"

त्यानं मान वर केली. हा प्रश्न त्यानं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की तो विचारायला दुसरं कुणी असेल, हेच तो विसरला होता.

"सिद्धेशसाहेब कोपऱ्यावर उभे होते. दोन्हीकडचं दिसतं तिथून. त्यांनी हात खाली केला. मी सोडलं." त्यानं स्वतःचा हात तसाच खाली आणून दाखवला. "पण ते म्हणाले, मी थांब म्हणत होतो. हॉस्पिटलच्या जिन्यात म्हणाले. तुला सिग्नल कळत नाही, लायसन्स नाही, तू आत जाशील. रात्री झोपलो की मला तोच हात दिसतो. कधी खाली येताना दिसतो, कधी थांब म्हणताना. आता मला खरंच माहीत नाही काय होतं ते."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "सिद्धेश म्हणतो, मी केबिनमध्ये होतो. पण रॉकी डाव्या हातानं पाइप उचलायला बघत होता, हे त्यानंच मला सांगितलं. ते पहिल्या क्षणाचं आहे. ते बघायला माणूस समोर लागतो. आता असं बघ. त्यानं खरंच 'थांब' म्हटलं असतं, तर चूक फक्त तुझी. मग त्यानं सरळ तुझं नाव सांगितलं असतं आणि मोकळा झाला असता. अपघात थप्पीवरून उचलून मशीनवर नेऊन ठेवायची त्याला गरज काय होती? थप्पीवरचा अपघात म्हटला की पहिला प्रश्न येतो, सिग्नल कोणी दिला. मशीनवर तो प्रश्नच येत नाही. तिथे माणूस एकटा असतो. ज्याला तो प्रश्न टाळायचा होता, त्यानंच जागा बदलली."

खाली कुणीतरी भाजीचा भाव ओरडत होतं. जॉयल माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. ती दिसली नाही.

"म्हणजे त्यांनी हात खाली केला होता."

"हो."

"पण मॅडम, लिव्हर माझ्याच हातात होता ना?"

मी एवढंच म्हटलं की लायसन्स नसलेल्या मुलाला क्रेनवर बसवणाऱ्याला कायदा आधी धरतो. आणि अपघात कामाच्या जागी, कामाच्या वेळी, कामातच झाला. तो भावाच्या हातून झाला म्हणून रॉकीचा हक्क कमी होत नाही.

"दादाला हे माहीत आहे?"

"त्याला एवढंच सांगितलं असणार की जाळी मी काढली असं बोललास तर भाऊ वाचेल."

जॉयल उठला. खिळ्यावरचा शर्ट घातला. "कुठे सांगायचं ते सांगा," तो म्हणाला.

७

प्रकरण ठाण्याला उभं राहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. जॉयल साक्षीला आला आणि एका दमात सगळं बोलला, कुठेही स्वतःला सोडलं नाही. तेव्हा मागच्या बाकावरून रॉकी उठला.

"खोटं बोलतोय तो, साहेब! तो नव्हताच तिथे. मी काढली जाळी. संरक्षक जाळी सुरक्षेसाठी..."

न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसेना. तो दावा त्याचाच होता, प्रिस्काच्या हट्टानं त्यानं सही केलेला, वकील त्याचीच होते मी, आणि तो उभा राहून आपल्याच दाव्याचा गळा दाबत होता. शेवटी प्रिस्कानं त्याचा शर्ट धरून खाली ओढला. जॉयलनं मान वर केली नाही.

डॉक्टर मर्लिन आल्या. श्रीपतही आला, त्यानं रॉकीची शपथ मोडली आणि मोडल्याबद्दल भर कोर्टात माफी मागितली. न्यायालयानं पाठवलेल्या माणसानं जाळीच्या बोल्टांचे फोटो काढून आणले. मग सिद्धेशची पाळी.

मी त्याला एकच विचारलं. "रॉकी डाव्या हातानं काय करत होता?"

त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला. मालकाचा वकील खाकरला. सिद्धेशनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पाइप उचलत होता," तो म्हणाला. "मी समोर होतो. हात मीच खाली केला. तो बाजूला झाला असं वाटलं मला. ट्रेलर उभा होता, फोनवर फोन येत होते. वाटलं, झाला बाजूला." मग हळूच, "ते वाक्य मला मालकाच्या माणसानं पाठ करायला सांगितलं. मी ते रॉकीकडून पाठ करून घेतलं. तो शुद्धीवर येत होता तेव्हाच."

निकाल रॉकीच्या बाजूनं लागला. भरपाई पूर्ण द्यायचा हुकूम झाला. जाणीवपूर्वक खोटी हकिगत उभी केल्याचं वेगळं प्रकरण मालकावर आणि सिद्धेशवर सुरू झालं. जॉयलला कुणी आत टाकलं नाही. कोर्टाच्या आवारात प्रिस्का माझ्या गळ्यात पडली आणि तिचं इतक्या महिन्यांचं राहिलेलं रडणं तिथे झालं. दोघे भाऊ दोन वेगवेगळ्या झाडांखाली उभे होते. मग जॉयल एकटाच निघून गेला.

एका रविवारी सकाळी प्रिस्काचा फोन आला. "रॉकीला तुळिंजला जायचंय. एकट्यानं जमणार नाही म्हणतो, आणि माझ्याबरोबर येत नाही. तुम्ही न्याल?"

मी गाडी घेऊन गेले. रॉकी बाहेरच उभा होता. आत बनियन, वर पांढरा शर्ट, सगळी बटणं उघडी. प्रिस्का दारात होती. "लावू दिली नाहीत मला," ती म्हणाली. "टी-शर्ट घाला म्हटलं, तर तेही नाही."

वाटेत वाऱ्यानं शर्टाचे पदर उडत होते, ते तो डाव्या हातानं धरून ठेवत होता.

चाळीचा जिना तो माझ्या पुढे चढला. दार उघडंच होतं. जॉयल स्टोव्हपाशी बसला होता. भावाला बघून तो उठला आणि भिंतीपर्यंत मागे सरकला, मार बसणार असल्यासारखा.

"माझ्यामुळे, दादा..." तो म्हणाला.

"माहीत आहे," रॉकी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हायड्राचा आवाज ओळखतो मी. ड्रायव्हर एवढ्या झटक्यानं सोडत नाही."

जॉयल रडू लागला. रॉकी तसाच उभा राहिला. त्याचा उजवा हात पहिल्यांदाच टॉवेलाशिवाय, रुमालाशिवाय मी पाहत होते. अंगठा, आणि पुढे गुलाबी, घट्ट झालेली कातडी. त्यानं तो लपवला नाही.

"चर्चमध्ये मिस्साला जायचंय," तो म्हणाला. "बटनं लाव."

जॉयलला आधी कळलंच नाही. मग तो पुढे आला. एक बटण त्याच्या हातून दोनदा निसटलं. रॉकी छातीवर चाललेल्या त्या हातांकडे खाली मान घालून बघत होता. मी जिन्याकडे तोंड केलं, तरी ऐकू येत होतं. जॉयलचं नाक ओढणं, आणि मध्ये एकदा रॉकीचं, "हळू रे, घाई नाही."

सगळ्यात वरच्या बटणाशी जॉयलचे हात आले, तेव्हा रॉकीनं मान बाजूला केली.

"ते राहू दे," तो म्हणाला. "उकडतंय."